व्यवस्थापन शिक्षण आणि शाश्वत विकास : अहमदाबाद येथील संस्थेचा अनुभव

समजा, एका नदीच्या काठी कापड रंगविण्याचा कारखाना आहे. वर्षअखेरीस त्याच्या हिशेबात दहा लाख रुपयांचा नफा दिसतो. रंगाचे पाणी शुद्ध न करताच नदीत सोडले जाते; ते शुद्ध करावयाचे म्हटले तर वर्षाकाठी चार लाख रुपये खर्च येईल. हे चार लाख कारखान्याच्या वहीत कोठेच दिसत नाहीत. परंतु म्हणून तो खर्च नाहीसा झाला, असे मात्र नाही. नदीच्या खालच्या अंगास असलेल्या गावांतील शेतकऱ्याचे करपलेले पीक, कोळ्याची मेलेली मासळी, नासलेल्या विहिरी आणि वैद्याकडे मोजावे लागणारे पैसे या रूपांनी तो कोणी ना कोणी भरीतच असतो. खर्च करणारा एक आणि तो भरणारा दुसरा. वही मात्र एकाचीच ठेवली जाते, इतकेच.

शाश्वत विकासाचा विचार पुष्कळ वेळा झाडे लावणे, कागद वाचविणे, सौरदिवे बसविणे अशा लहानमोठ्या गोष्टींपासून सुरू होतो आणि तेथेच संपतो. वस्तुतः त्याच्या मुळाशी वरील वहीचा प्रश्न आहे. नॉर्वेच्या पंतप्रधान ग्रो हार्लेम ब्रुन्टलंड यांच्या अध्यक्षतेखाली संयुक्त राष्ट्रांनी नेमलेल्या आयोगाने १९८७ साली आपला अहवाल सादर केला. पुढील पिढ्यांना त्यांच्या गरजा भागविता येतील इतके शिल्लक ठेवून आजच्या पिढीने आपल्या गरजा भागवाव्यात, असा त्यातील व्याख्येचा आशय होता. म्हणजे ज्यांचा अद्याप जन्मही झालेला नाही अशांच्या नावे खाते उघडण्याचीच ही सूचना होय. मराठीत या कल्पनेला 'शाश्वत' हा शब्द रूढ झाला आहे. ज्या भाषेत आत्म्यास आणि ब्रह्मास शाश्वत म्हणत, त्याच भाषेत तो शब्द आता कापूस, सिमेंट आणि नफा यांनाही लावावा लागतो. त्यामुळे तो थोडा अवघडल्यासारखा वाटतो. 'टिकाऊ' हा साधा शब्द कदाचित अधिक प्रामाणिक ठरला असता.

वही कशी ठेवावी आणि तीत काय लिहावे हे ज्या ठिकाणी शिकविले जाते, अशी ठिकाणे म्हणजे व्यवस्थापनाचे शिक्षण देणाऱ्या संस्था. उद्याच्या कारखान्यांचे, बँकांचे आणि सरकारी उपक्रमांचे सूत्रधार तेथून बाहेर पडतात. त्यामुळे अशा संस्थेत शाश्वत विकासाबद्दल काय शिकविले जाते हे पाहताना केवळ तिच्या पाठ्यक्रमाची यादी वाचून भागत नाही. कोणाचा खर्च हिशेबात धरावा आणि कोणाचा धरू नये, हे तेथील विद्यार्थी न सांगताही शिकत असतो. या दृष्टीने भारतातील या क्षेत्रातील सर्वांत प्रतिष्ठित समजल्या जाणाऱ्या संस्थेचा, म्हणजे अहमदाबाद येथील भारतीय व्यवस्थापन संस्थेचा अनुभव अभ्यासण्यासारखा आहे. त्या अनुभवात यश आहे, तसेच मागे फिरणेही आहे.

गिरण्यांच्या शहरातील संस्था

ही संस्था ११ डिसेंबर १९६१ रोजी स्थापन झाली. प्रारंभी ती मुंबईत काढावी असा विचार होता. परंतु तो सिद्धीस गेला नाही आणि पदार्थवैज्ञानिक डॉ. विक्रम साराभाई यांच्या प्रयत्नाने ती अहमदाबादकडे वळली. गिरणीमालक कस्तुरभाई लालभाई, गुजरात राज्याचे सरकार, केंद्र सरकार आणि अमेरिकेतील फोर्ड प्रतिष्ठान यांचे साहाय्य तिला लाभले. अध्यापनाच्या बाबतीत अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या बिझनेस स्कूलशी सहकार्याचा करार झाला. १९६४ साली दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाची पहिली तुकडी सुरू झाली.

अहमदाबाद हे तेव्हा कापडगिरण्यांचे शहर होते. आपल्या धंद्यास सुशिक्षित व्यवस्थापक मिळावेत अशी गिरणीमालकांची अपेक्षा असणे स्वाभाविकच होते. परंतु साराभाई आणि त्यांचे सहकारी यांनी व्यवस्थापनाचा अर्थ कारखान्यापुरता मर्यादित ठेवला नाही. ज्या देशातील बहुसंख्य लोक शेतीवर जगतात, त्या देशात व्यवस्थापनाचा अभ्यास शेती, सहकार, बँका, शिक्षण आणि आरोग्यसेवा यांनाही उपयोगी पडला पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. त्यामुळे शेतीच्या व्यवस्थापनासाठी अभ्यासकांचा स्वतंत्र गट या संस्थेत अगदी आरंभीच्या काळात उभा राहिला आणि त्यातूनच पुढे कृषिव्यवस्थापन केंद्र विकसित झाले. पाश्चात्त्य बिझनेस स्कूलमध्ये अशा केंद्राची कल्पना सहसा आढळत नाही.

संस्थेच्या पहिल्या अध्यापक कमला चौधरी यांचे उदाहरण येथे बोलके आहे. अहमदाबादच्या वस्त्रोद्योग संशोधन संस्थेत गिरणी कामगारांच्या मानसशास्त्राचा अभ्यास करणाऱ्या या विदुषीने व्यवस्थापन संस्थेच्या जडणघडणीत मोठा भाग घेतला. आणि १९८५ साली केंद्र सरकारने राष्ट्रीय पडीक जमीन विकास मंडळ स्थापन केले तेव्हा त्याचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. गिरणीच्या मागापासून देशाच्या उजाड माळरानापर्यंतचा हा प्रवास एका व्यक्तीचा असला, तरी संस्थेच्या आरंभीच्या दृष्टीचा तो निदर्शक मानता येईल.

ज्या गिरण्यांच्या भरभराटीवर हे शहर उभे होते, त्या १९८० च्या दशकात एकामागून एक बंद पडल्या आणि हजारो कामगार बेकार झाले. आपल्या दाराशी असलेला उद्योग टिकला नाही, ही गोष्ट टिकाऊपणाचा अभ्यास करणाऱ्यांनी नजरेआड करता कामा नये.

व्यवस्थापकाची खुर्ची

हार्वर्डकडून संस्थेने जी मुख्य गोष्ट घेतली ती म्हणजे प्रकरण-पद्धती. या पद्धतीत अध्यापक व्याख्यान देत नाही. प्रत्यक्षात घडलेल्या एखाद्या पेचप्रसंगाचे दहावीस पानांचे वर्णन विद्यार्थ्यांना आधी वाचावयास दिले जाते. विद्यार्थी अर्धवर्तुळाकार, पायऱ्यापायऱ्यांच्या वर्गात बसतात आणि 'तुम्ही या जागी असता तर काय केले असते?' या एकाच प्रश्नाभोवती चर्चा फिरते. माहिती नेहमी अपुरी असते, वेळ थोडा असतो आणि निर्णय तर घ्यावाच लागतो. प्रत्यक्ष जीवनातही तसेच असते; म्हणून ही पद्धती निर्णयशक्ती वाढविण्यास फार उपयोगी पडते, यात शंका नाही.

तथापि तिची एक मर्यादा आहे आणि ती सहजासहजी लक्षात येत नाही. प्रत्येक प्रकरणात विद्यार्थ्यास ज्या खुर्चीत बसविले जाते, ती बहुधा व्यवस्थापकाची असते. आरंभीच्या उदाहरणातील रंगाचा कारखाना घेतला तर विद्यार्थी कारखान्याच्या संचालकाच्या जागी बसून विचार करील. नदी, मासळी आणि खालच्या गावचा शेतकरी त्याच्या विचारात येतील, नाही असे नाही. परंतु ते अडचण म्हणून, धोका म्हणून किंवा फार तर कीर्तीचा प्रश्न म्हणून येतील. त्या शेतकऱ्याच्या खुर्चीत बसून 'तुम्ही काय कराल?' असे त्याला सहसा विचारले जात नाही. शंभरावर प्रकरणे याच खुर्चीतून सोडविल्यावर विद्यार्थ्याला ती खुर्ची आपलीच वाटू लागते. खुर्ची बदलून पाहण्याचा संस्थेच्या इतिहासातील सर्वांत धाडसी प्रयत्न वर्गात झाला नाही. तो राजस्थानच्या एका दुष्काळी भागात झाला.

जवाजा येथील प्रयोग

रवी मथाई हे १९६५ साली संस्थेचे पहिले पूर्णवेळ संचालक झाले. तेव्हा त्यांचे वय चाळिशीच्या आत होते. संस्थेची घडी नीट बसली असताना १९७२ साली त्यांनी आपण होऊन संचालकपद सोडले आणि त्याच संस्थेत साधे प्राध्यापक म्हणून काम करू लागले. संस्थेच्या प्रमुखाने दीर्घकाळ खुर्चीत राहू नये, राहिल्यास संस्था त्याच्यावर विसंबून राहते, अशी त्यांची धारणा होती. आपल्याकडे अधिकारपद सोडण्याचे प्रसंग मृत्यू, निवृत्ती किंवा पराभव यांमुळेच बहुधा येतात. त्यामुळे या गोष्टीचे त्या वेळी अनेकांना नवल वाटले. परंतु ज्याने संस्थेच्या बाबतीत हा नियम पाळला, त्याने पुढे खेड्यांच्या बाबतीतही तोच नियम लावून पाहावा, हे सुसंगतच होते.

१९७५ साली मथाई आणि त्यांचे सहकारी तेव्हाच्या अजमेर जिल्ह्यातील जवाजा या विकास गटात गेले. अरवलीच्या टेकड्यांमधील हा प्रदेश पावसाला नेहमीच पारखा. सुमारे २०० खेडी आणि ८०,००० लोकवस्ती. सरकारी दृष्टीने या गटाजवळ विकासास उपयोगी पडेल अशी साधनसंपत्ती नव्हती : पाणी नाही, चांगली जमीन नाही, खनिजे नाहीत, उद्योग नाहीत. मथाईंनी प्रश्न उलटा केला. ऐंशी हजार माणसे हीच साधनसंपत्ती का समजू नये? या माणसांना काही येत असेलच. नाहीतर अशा प्रदेशात पिढ्यान्पिढ्या ती जगली कशी?

या प्रयोगास त्यांनी 'ग्रामीण विद्यापीठ' असे नाव दिले. मात्र त्यात इमारत नव्हती, प्रवेशपरीक्षा नव्हती आणि पदवीही नव्हती. गाव हाच वर्ग आणि जगण्यातील अडचणी हाच पाठ्यक्रम. अहमदाबादच्याच राष्ट्रीय डिझाइन संस्थेची मदत या कामास मिळाली. त्या संस्थेचे तेव्हाचे कार्यकारी संचालक अशोक चॅटर्जी हे या प्रयोगाशी दीर्घकाळ निगडित राहिले.

शोध घेता दोन कौशल्ये नजरेस आली. एक, कातडी कमावणे आणि चामड्याच्या वस्तू बनविणे. दुसरे, हातमागावर जाडेभरडे कापड विणणे. दोन्ही व्यवसाय परंपरेने अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींकडे होते आणि दोन्ही मोडकळीस आले होते. विहिरीवर पंप आला की चामड्याची मोट जाते, गिरणीचे कापड बाजारात आले की मागावरचे जाड कापड मागे पडते. देशात सर्वत्र जे घडत होते ते येथेही घडत होते. कारागिराच्या हातात कसब होते, पण त्या कसबाला गिऱ्हाईक उरले नव्हते. जे गिऱ्हाईक होते ते गावातलेच, आणि गावात भाव ठरविणारा, उधार देणारा आणि पाणवठ्यावर अडविणारा बहुधा एकाच वर्गातला असे.

या ठिकाणी व्यवस्थापनशास्त्राचा नेहमीचा सल्ला असा असता की एक होतकरू कारागीर निवडावा, त्याला कर्ज आणि यंत्र द्यावे आणि त्याचा कारखाना वाढवावा. जवाजा येथील मंडळींनी तसे केले नाही. एकटा कारागीर वर आला तर तो एकतर गाव सोडतो किंवा गावातील नवा सावकार होतो, हे त्यांच्या ध्यानात आले होते. म्हणून ज्या वस्तू बनवावयाच्या त्या एकट्याने पूर्ण करता येणार नाहीत, अनेकांचे हात एकमेकांवर अवलंबून राहतील, अशा असाव्यात असे ठरले. त्या वस्तूंची बाजारपेठ गावाबाहेर, दूरच्या शहरात असावी, म्हणजे स्थानिक वर्चस्वाची पकड ढिली होईल. तंत्र असे असावे की त्यासाठी वीज किंवा महाग यंत्रे लागू नयेत, कारण यंत्र बिघडले की दुरुस्तीसाठी पुन्हा बाहेरच्या माणसाचे पाय धरावे लागतात. डिझाइन संस्थेच्या मंडळींनी कारागिरांबरोबर बसून, यंत्राच्या शिवणीची गरज पडणार नाही अशा चामड्याच्या पिशव्या तयार केल्या. विणकरांनी अंगावरच्या कापडाऐवजी शहरी घरांत अंथरण्याजोग्या वस्तू विणावयास घेतल्या.

येथवर हे एखाद्या हस्तकला योजनेसारखे वाटेल. खरा कठीण भाग पुढे होता. माल विकणे, कच्चा माल आणणे, बँकेत जाणे, हिशेब लिहिणे, खराब माल बाजूला काढणे, मिळालेले पैसे वाटून घेणे आणि त्यावरून होणारी भांडणे मिटविणे ही सर्व कामे अहमदाबादची शिकलेली माणसे एका दिवसात करू शकत होती. कारागिरांना ती शिकावयास वर्षे लागली. मोह असा होता की आपणच ती करून टाकावीत. परंतु तसे केले असते तर व्यवस्थापकाची खुर्ची फक्त अहमदाबादहून जवाजास हलली असती. बसणारा तोच राहिला असता. बाहेरून आलेल्या मंडळींनी आपली गरज क्रमाक्रमाने संपवीत आणणे, हेच या प्रयोगाचे उद्दिष्ट होते. मदत करणारा निघून गेल्यावर जे उरते तेवढेच टिकाऊ, ही कसोटी मथाईंनी लावली. आणि ती फार कडक आहे, कारण तिच्यावर आपल्याकडील बहुतेक विकासयोजना उतरणार नाहीत.

विणकर आणि चर्मकार यांच्या संघटना उभ्या राहिल्या आणि पुढे 'जवाजा कारागीर संघ' या नावाने त्या एकत्र आल्या. प्रयोगात सर्व काही सुरळीत झाले असे मानण्याचे कारण नाही. कारागिरांमध्ये अविश्वास होता, बाहेरच्या मदतीची सवय सुटता सुटत नव्हती, आणि ८०,००० लोकांच्या मानाने प्रत्यक्ष लाभ झालेल्या कुटुंबांची संख्या थोडीच होती. फेब्रुवारी १९८४ मध्ये मथाई निधन पावले. या प्रयोगाची हकीकत सांगणारे त्यांचे इंग्रजी पुस्तक पुढच्या वर्षी मुंबईच्या पॉप्युलर प्रकाशनाने प्रसिद्ध केले. ते गेले तरी कारागिरांचा संघ मोडला नाही. पुढील कित्येक दशके जवाजाच्या पिशव्या आणि सतरंज्या शहरांतून विकल्या जात राहिल्या.

असे असूनही जवाजा हा संस्थेच्या मुख्य शिक्षणक्रमाचा कणा कधी झाला नाही, हे मान्य केले पाहिजे. ग्रामीण व्यवस्थापनाच्या शिक्षणासाठी १९७९ साली आणंद येथे डॉ. वर्गीस कुरियन यांच्या पुढाकाराने वेगळी संस्था निघाली, आणि ते योग्यच झाले. परंतु त्याचा एक परिणाम असा की गावाचा प्रश्न जणू शेजारच्या घरी राहावयास गेला. अहमदाबादच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाचे शुल्क आज वीस लाख रुपयांहून अधिक आहे. कर्ज काढून ते भरणारा पदवीधर सल्लागार कंपन्यांच्या आणि वित्तसंस्थांच्या नोकऱ्यांकडे वळला, तर त्याला एकट्याला दोष देता येत नाही. शुल्काची रक्कमही एक प्रकारचा पाठच देत असते.

मधमाशी आणि फूल

जवाजाचा धागा निराळ्या रीतीने पुढे नेण्याचे काम १९८१ साली संस्थेत आलेले प्राध्यापक अनिल गुप्ता यांनी केले. ग्रामीण लोकांच्या ज्ञानावर ते संशोधन करीत आणि इंग्रजीत निबंध लिहीत. त्या निबंधांबद्दल मान आणि मानधन त्यांना मिळे. ज्यांच्याकडून ज्ञान मिळाले त्यांना मात्र काहीच मिळत नसे. इतकेच नव्हे तर आपल्याबद्दल काय लिहिले गेले हे त्यांना कळतही नसे. सावकार कर्जदाराचे शोषण करतो, तर संशोधक माहिती देणाऱ्याचे करतो, ही टोचणी त्यांना लागली. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी 'हनी बी नेटवर्क' म्हणजे मधमाशीचे जाळे सुरू केले. मधमाशी फुलातून मध घेते, पण फुलाला इजा करीत नाही. उलट एका फुलाचे पराग दुसऱ्यापर्यंत नेते. त्याप्रमाणे ज्याचे ज्ञान त्याचे नाव राहावे, जे लिहिले जाईल ते त्याच्या भाषेत त्याच्याकडे परत जावे आणि त्यातून काही कमाई झाली तर तिच्यात त्याचा वाटा असावा, असे दंडक ठरले. १९९८ पासून वर्षातून दोन वेळा गावोगाव पायी हिंडण्याच्या 'शोधयात्रा' सुरू झाल्या आणि संस्थेच्या विद्यार्थ्यांसाठीही तशा अभ्यासयात्रेचा पाठ्यक्रम निघाला. याच कामातून २००० साली केंद्र सरकारच्या साहाय्याने राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठान स्थापन झाले.

हे दंडक किती आवश्यक आहेत आणि किती अपुरे, हे चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड तालुक्यातील नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांच्या उदाहरणावरून दिसते. अगदी थोडी जमीन असलेल्या या शेतकऱ्याला १९८३ च्या सुमारास आपल्या भातात काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्यांचे बी त्यांनी निराळे ठेवले, दरवर्षी निवडून पेरले आणि काही वर्षांत बारीक, चवदार तांदळाचे नवे वाण हाती आले. त्या काळी लोकप्रिय असलेल्या मनगटी घड्याळाच्या नावावरून व्यापाऱ्यांत ते 'एचएमटी' म्हणून ओळखले जाऊ लागले आणि अनेक राज्यांत पसरले. त्या बियाण्यावर व्यापार करणाऱ्यांनी पैसा मिळविला. राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानाने २००५ साली खोब्रागडे यांना पुरस्कार दिला. तो राष्ट्रपती डॉ. अब्दुल कलाम यांच्या हस्ते देण्यात आला. नाव परत मिळाले, मान मिळाला. वाटा मात्र मिळाला नाही. ३ जून २०१८ रोजी ते निधन पावले तेव्हा कुटुंबाची आर्थिक ओढगस्त संपलेली नव्हती. भाताचे पीक लाखो शेतकऱ्यांच्या शेतात टिकले, ज्याने ते शोधले त्याचे घर मात्र टिकले नाही. कोणत्याही व्यवस्थापन वर्गात चर्चेला घेण्यासारखे हे प्रकरण आहे. अट इतकीच की विद्यार्थ्याला बियाणे कंपनीच्या संचालकाच्या नव्हे, दादाजींच्या जागी बसवावे.

अहवाल आणि आकडे

शाश्वत विकासाची दुसरी वाट आकड्यांची आहे आणि तीही या संस्थेतून गेली आहे. ऊर्जेचा वापर आणि हवामान यांच्या परस्परसंबंधाची गणिती प्रतिमाने बनविणारे प्राध्यापक प्रियदर्शी शुक्ल हे येथे दीर्घकाळ अध्यापन करीत होते. २०१५ साली त्यांची हवामानबदलविषयक आंतरसरकारी मंडळाच्या तिसऱ्या कार्यगटाचे सहअध्यक्ष म्हणून निवड झाली. उत्सर्जन कमी करण्याच्या मार्गांचा ऊहापोह करणारा त्या गटाचा अहवाल एप्रिल २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. विकास आधी आणि हवामान नंतर, असा क्रम लावण्याची गरज नाही. रस्ते, घरे आणि वीज यांची आखणी आरंभीच नीट केली तर दोन्ही साधते, हा विचार भारतासारख्या देशाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे.

मध्यंतरी कायद्यानेही पावले टाकली. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करण्याचे बंधन घातले. शेअर बाजाराचे नियमन करणाऱ्या 'सेबी'ने २०२२-२३ या वर्षापासून बाजारमूल्याच्या दृष्टीने पहिल्या १,००० कंपन्यांना आपल्या जबाबदारीचा आणि शाश्वततेचा विस्तृत अहवाल देणे सक्तीचे केले. पाणी किती वापरले, कचरा किती झाला, किती कामगारांना अपघात झाले, हे आता लिहावे लागते. म्हणजे वहीत नवे रकाने आले, आणि ते भरणाऱ्या माणसांची मागणी व्यवस्थापन संस्थांकडे वाढली. हे इष्टच आहे. मात्र अहवाल लिहिण्याची कला कारखाना सुधारण्याच्या कलेपेक्षा लवकर हस्तगत होते, हेही विसरता येत नाही. शिवाय २ टक्के नफा कसा खर्च करावा याची चर्चा करताना उरलेला ९८ टक्के नफा कसा मिळविला, हा प्रश्न बाजूला पडण्याचा धोका असतोच.

विटांच्या इमारती

अखेरीस संस्थेच्या स्वतःच्या घराकडे वळणे भाग आहे. वस्त्रापूर येथील तिच्या इमारती अमेरिकन वास्तुशिल्पज्ञ लुई कान यांनी योजिल्या. पुण्यात जन्मलेले आणि अहमदाबादेत स्थायिक झालेले बाळकृष्ण दोशी यांनी त्यांना येथे आणले आणि या कामात त्यांचे साहाय्य केले. १९७४ साली कान यांच्या मृत्यूनंतर अनंत राजे यांनी ते पुढे नेले. कान यांनी काच आणि पोलादाऐवजी वीट निवडली. भट्टीत भाजलेली वीट, ती रचणारा स्थानिक गवंडी, मोठमोठी वर्तुळाकार उघडी दारे, खोल सावलीचे व्हरांडे आणि वारा खेळावा म्हणून सोडलेल्या मोकळ्या जागा : उन्हाळ्यात ४० अंशांच्या वर तापणाऱ्या शहरात ही रचना केवळ शोभेची नव्हती. शाश्वत वास्तुरचना हा शब्द प्रचारात येण्यापूर्वीच तिची उदाहरणे येथे उभी होती.

पण वीटही वृद्ध होते. भिंतींतून पाणी मुरू लागले, आतील लोखंड गंजले, विटांचे पापुद्रे निघू लागले आणि २६ जानेवारी २००१ च्या भूकंपाने तडे गेले. ग्रंथालयाच्या इमारतीची दुरुस्ती इतकी उत्तम झाली की २०१९ साली युनेस्कोने तिला गौरविले. असे असतानाही डिसेंबर २०२० मध्ये विद्यार्थ्यांच्या १८ वसतिगृहांपैकी १४ पाडण्याचा बेत संस्थेने जाहीर केला. जगभरच्या वास्तुशिल्पज्ञांनी आणि माजी विद्यार्थ्यांनी निषेध केला तेव्हा १ जानेवारी २०२१ रोजी तो मागे घेण्यात आला. आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये, तज्ज्ञांच्या अहवालांचा आधार देऊन, काही इमारती नव्याने बांधण्याचे पुन्हा ठरविण्यात आले.

दोन्ही बाजूंचे म्हणणे ऐकण्यासारखे आहे. ज्या छताखाली तरुण मुले झोपतात ते कोसळू नये, ही संस्थेची जबाबदारी नाकारता येत नाही, आणि दुरुस्तीचा खर्च दरवर्षी वाढत जातो, हेही खरे. उलट, दुरुस्त केलेले ग्रंथालय त्याच आवारात उभे आहे. जुनी इमारत पाडावी की राखावी याचा हिशेब करताना दुरुस्तीचा खर्च एका रकान्यात आणि नव्या बांधकामाचा दुसऱ्या रकान्यात लिहिला जातो. विटा भाजताना अर्धशतकापूर्वी जळून गेलेले इंधन, पाडल्यावर निघणारा राडारोडा टाकण्याची जागा आणि नव्या सिमेंटसाठी व पोलादासाठी पेटणाऱ्या भट्ट्यांचा धूर यांना बहुधा रकाना नसतो. तो आखून हे प्रकरण याच संस्थेच्या पायऱ्यापायऱ्यांच्या वर्गात चर्चेस घेता येण्यासारखे आहे. खुर्चीत या वेळी संस्थेचाच संचालक असेल, आणि पाहणीसाठी विद्यार्थ्यांना आवाराबाहेर जावे लागणार नाही.